श्रावण पाळणाऱ्या घरातला ताप

गटारीला आमच्या घरात मासे मी साफ करतो. एरवी ओट्याजवळ माझी लुडबुड कुणी खपवून घेत नाही, पण श्रावण लागायच्या आधीच्या त्या शेवटच्या मासळीच्या दिवशी विळी घेऊन बसण्याचा मान माझा. वडिलांपासूनची ही पद्धत. ते लालबागच्या गिरणीत होते. पहिली पाळी आटोपून आले की मोरीत बसून ढीगभर मासे साफ करायचे. "कोळणीने कापून दिलेले ते बाजारचे, आपल्या हाताने केलेले ते घरचे," असं त्यांचं म्हणणं. वडील गेले, चाळीच्या जागी टॉवर आला, मोरीची ड्राय बाल्कनी झाली, पण ते म्हणणं घरात राहिलं.

त्या वर्षी मी वरळी कोळीवाड्यातून शिंगाळे आणले. पावसात होड्या बंद असतात, खाडीची मासळी तेवढी मिळते. ओळखीची कोळीण म्हणाली, "काटं काढून देऊ काय, भाऊ?" मी म्हटलं, "नको गं, माझं मी करतो." शिंगाळ्याच्या पाठीवर आणि दोन्ही अंगांना करवतीसारखे दाते असलेले काटे असतात. त्यातला एक माझ्या डाव्या तर्जनीत घुसला. कळ पार खांद्यापर्यंत गेली आणि माझ्या तोंडून एक सणसणीत शिवी निघाली. आई म्हणाली, "घाल, घाल. श्रावण लागाच्या आधी सगळ्यो गाळी घालून घे." मग तिनेच बोटावर हळद दाबून धरली.

पुढे काही दिवस बोट जांभळट लाल झालं, खाजलं, चुरचुरलं आणि आपोआप बरंही झालं. मी ते विसरून गेलो. घरातले सगळेच विसरले.

ताप

मी शिवडीला एका गोदामात मालाच्या चढउतारावर देखरेख करतो. पन्नाशी उलटलेली, पण दिवसभर पायांवर उभं राहायची सवय. घरात ऐंशीच्या घरातली आई, बायको वैशाली आणि मुलगी केतकी. वैशाली हिंदमाताला साड्यांच्या दुकानात काउंटरवर असते. ती घरी घाबरली तरी गिऱ्हाइकाशी बोलायचा एक आवाज तिच्याकडे आहे. "ताई, डोळे झाकून न्या, रंग जाणार नाही." त्या आवाजात ती काहीही म्हणाली की समोरच्याला ते खरंच वाटतं.

श्रावण अर्धा झाला असेल. संध्याकाळी घरी आलो की अंगात हुडहुडी भरायची, दोन चादरी पांघरून पडायचो आणि मग घामाने उशी भिजायची. सकाळी ठणठणीत. त्याच सुमारास हिंदमाताजवळ गुडघाभर पाण्यातून मी चालत आलो होतो, त्यामुळे सोसायटीतल्या प्रत्येकाला निदान आधीच ठाऊक होतं: लेप्टो. तो नाही निघाला. मलेरिया नाही, डेंग्यू नाही. लालबागच्या आमच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, ताप गेला. गोळ्या संपल्या, ताप परत. मेहुणा म्हणाला, "श्रावण सोडा भावोजी, दोन अंडी खा, ताप पळेल." वैशाली त्याच्यावर खेकसली. आमच्याकडे श्रावण म्हणजे श्रावण. अंडंसुद्धा घरात येत नाही.

मला खरी भीती वाटली ती जिन्यावर. लिफ्ट बंद होती म्हणून दोन मजले चढलो आणि कठडा धरून उभा राहिलो. छाती भात्यासारखी हलत होती. खालून कुणी आलं तर हसून दाखवता यावं म्हणून मी मोबाइल कानाला लावून उभा होतो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. आमचे डॉक्टर बडबडे आहेत. छातीला नळी लावूनही राजकारणावर बोलतात. त्या दिवशी नळी लावली आणि त्यांचं बोलणं वाक्याच्या मधेच तुटलं. नळी सरकवली, डोळे मिटून ऐकलं, परत आधीच्या जागी आणली. "परब, हा आवाज आधी नव्हता," ते म्हणाले. "आज ॲडमिट व्हायचं. उद्या नाही, आज."

झडप

परळच्या मोठ्या हॉस्पिटलात इको काढला. पडद्यावर माझं हृदय हलत होतं आणि त्याच्या एका झडपेच्या टोकाला काहीतरी लोंबत होतं. दरवाजाला अडकलेली चिंधी वाऱ्यावर फडफडावी तसं. मला कुणी सांगायची गरजच नव्हती. ते तिथे असायला नको, हे मला दिसत होतं.

मोठे डॉक्टर शांत होते. रक्तात जंतू शिरलेत, ते झडपेवर बसलेत आणि झडप खातायत, असं त्यांनी सांगितलं. केतकीने विचारलं, "तो तुकडा सुटला तर?"

"सुटू शकतो. मेंदूत जाऊ शकतो. म्हणून तर इथे ठेवलंय."

केतकीने वही मिटावी तसा चेहरा मिटून घेतला. मी मात्र मूर्खासारखं विचारलं, "सोमवारी कामावर गेलो तर चालेल?"

मग प्रश्न सुरू झाले. दात काढलात का? कुठे जखम? इंजेक्शनं? घरात कुत्रा, मांजर? मांस-मासळीशी संबंध? शेवटच्या प्रश्नाला वैशाली माझ्याआधी बोलली. "नाही हो डॉक्टर, श्रावण पाळतो आम्ही. घरात वाससुद्धा नाही." तोच काउंटरवरचा आवाज. मी मान डोलावली. तिने खोटं सांगितलं नव्हतं. स्वयंपाकघर घासून पुसून, विळीसुद्धा उकळत्या पाण्याने धुऊन माळ्यावर ठेवली होती. आम्ही मासे खाणारी माणसं आहोत हेच श्रावणात आम्ही विसरतो. महिनाभर जणू दुसरंच घर असतं ते. डॉक्टरांनी पुढचा प्रश्न विचारला.

एकोणतीसचा पाढा

सगळ्यात जालीम म्हणून जे औषध असतं ते मला सुरू झालं. नर्स त्याला लाडाने व्हँको म्हणायच्या. पहाटे रक्त घ्यायचं, चहा, डॉक्टरांची फेरी, औषधाची बाटली, जेवण, ताप, पुन्हा बाटली. वॉर्डात दिवस असा कापला जातो. बाकी सगळ्यांचं काहीतरी पुढे सरकत होतं. शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ उठून बसले, मग चालले, मग घरी गेले. माझा ताप संध्याकाळी ठरल्याप्रमाणे हजर. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, पण आग कुठे लागली आहे हे तरी कुणाला ठाऊक होतं?

भीतीबद्दल लोक बोलत नाहीत म्हणून मी स्पष्ट लिहितो. मरणाची भीती वाटत होतीच. त्याहून जास्त भीती त्या तुकड्याची होती. मेलो तर मेलो. पण तो सुटून डोक्यात गेला आणि मी तोंड वाकडं करून, वैशालीचं नाव विसरून, वर्षानुवर्षं खाटेवर पडून राहिलो तर? हाताला मुंग्या आल्या की वाटायचं, सुटला. एखाद्या नर्सचं नाव आठवलं नाही की वाटायचं, सुटला. म्हणून मी मनातल्या मनात स्वतःची परीक्षा घ्यायला लागलो. एकोणतीस, अठ्ठावन्न, सत्त्याऐंशी, एकशे सोळा. पाढा शेवटपर्यंत बिनचूक आला की डोकं शाबूत. मग थोडा वेळ जिवात जीव यायचा. थोड्या वेळाने परत पहिल्यापासून.

माझे ओठ हलताना वैशालीने पाहिलं. तिला वाटलं, जप चाललाय. तिने सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगितलं की ह्यांच्यात फार बदल झालाय, देवाचं नाव तोंडातून जात नाही. तिची भावजय अंगारा घेऊन आली. मी तो कपाळाला लावून घेतला. एकोणतीसचा पाढा म्हणतोय हे सांगितलं असतं तर का म्हणतोय तेही सांगावं लागलं असतं.

घरची माणसं अशा वेळी जवळ येतात म्हणतात. आमच्याकडे आधी भांडणं आली. केतकी रोज मोबाइलवर काहीतरी वाचून यायची आणि डॉक्टरांना विचारायची. वैशालीला ते उद्धटपणाचं वाटायचं. "तू डॉक्टर आहेस का?" "मग तू आहेस का, आई?" मी डोळे मिटून झोपल्याचं सोंग करायचो. दोघी घाबरलेल्या होत्या आणि माझ्यासमोर घाबरायचं नाही असं दोघींनी परस्पर ठरवलेलं होतं. मग ती भीती एकमेकींवर निघायची.

रक्तातून काहीतरी वाढलं, असं एकदा कळलं. पण ते कातडीवरचे साधे जंतू चुकून आले असतील, परत रक्त पाठवू, असं म्हणाले. त्यानंतर ऑपरेशन करणारे सर्जन येऊन गेले. त्यांनी माझी नाडी पाहिली, इकोचा पडदा पाहिला आणि म्हणाले, "औषधाने भागलं तर उत्तम. पण ताप असाच राहिला आणि झडप आणखी फाटली, तर छाती उघडावी लागेल. अशा तापात ते सोपं नसतं." ते गेल्यावर माझी पाचावर धारण बसली. खालच्या रस्त्यावरून गणपतीचं आगमन चाललं होतं, ढोल वाजत होते. माझ्या मानेची शीर इतकी जोरात उडत होती की ढोल थांबल्यावरही मला तो ऐकू येत होता.

मी वैशालीला म्हटलं, "आईला एकदा आण."

ती म्हणाली, "त्यांना कशाला त्रास? घरीच भेटाल की." आवाज काउंटरवरचाच होता. पण तिने माझ्याकडे बघायचं टाळलं.

आई

दुसऱ्या दिवशी केतकी आईला घेऊन आली. लिफ्टपासून खाटेपर्यंत यायला तिला खूप वेळ लागला. बसली आणि तिने माझा डावा हात आपल्या मांडीवर घेतला. तिच्यासमोर लहान झाल्यासारखं वाटून मला रडू येत होतं आणि मी ते दाबत होतो.

तेवढ्यात लॅबच्या डॉक्टर आल्या. लॅबमधलं माणूस खाटेपर्यंत कधी येत नाही, त्यामुळे आम्ही सगळेच चपापलो. चाळिशीतल्या बाई, पांढऱ्या कोटाच्या बाहीवर जांभळा डाग. त्या म्हणाल्या, "पुन्हा तेच जंतू वाढलेत, म्हणजे चुकून आलेले नाहीत. आम्ही रंग टाकतो तेव्हा काही जंतू जांभळा रंग धरून ठेवतात, तसलेच हे आहेत, बारीक काड्यांसारखे. पण हे माणसात सहसा सापडत नाहीत. डुकरांत असतात, कोंबड्यांत, माशांत. म्हणून स्वतः विचारायला आले. यांचा मच्छीशी काही संबंध?"

"नाही हो," वैशाली म्हणाली. "मागेच सांगितलं ना? श्रावण आहे."

मी मान डोलावणारच होतो. आईने माझं बोट धरलेलं होतं. तिने ते जरा वर उचललं, डोळ्यांजवळ नेलं.

"आणि गटारेक?" ती म्हणाली. "शिंगाळ्याचो काटो लागललो मां रे तुका? मियाच हळद लायललंय."

लॅबच्या डॉक्टर आईच्या शेजारी वाकल्या. "आजी, काय म्हणालात? परत सांगा." आईने परत सांगितलं, या वेळी माझ्या शिवीसकट. बाईंनी मला विचारलं, "बोट जांभळं झालं होतं?" मी हो म्हटलं. "खाजत होतं? पू नव्हता?" मी परत हो म्हटलं. त्या तिथूनच फोनवर बोलत बोलत बाहेर गेल्या.

थोड्या वेळाने मोठे डॉक्टर आले. त्यांनी सांगितलं की हे जंतू आपल्या त्या जालीम औषधाला जुमानतच नाहीत. लॅबला संशय होता, आता खात्री झाली. यांना साधं पेनिसिलिन लागतं. आई म्हणाली, तिच्या लहानपणी गावच्या दवाखान्यात तेच एक इंजेक्शन मिळायचं.

केतकी आईकडे वळली. माझ्या आईकडे नव्हे, स्वतःच्या. "आई, तू दोनदा नाही म्हणालीस."

मी म्हटलं, "बोट माझं होतं, केतकी. मीही तिथेच होतो." पण केतकीचा शब्द सुटून गेला होता.

उतार

पेनिसिलिन सुरू झालं आणि मग एका संध्याकाळी ताप आलाच नाही. मी त्याची वाट पाहत बसलो. नर्सला म्हटलं, "थर्मामीटर बिघडलाय का बघा." ती केरळची होती, मुंबईत मुरलेली. "अंकल, बुखार नहीं है तो भी टेन्शन?" म्हणत तिने दुसरा आणून लावला. तोही तेच म्हणाला. तिने दोन्ही माझ्या डोळ्यांसमोर धरले. असल्या लहान लहान गोष्टींवर माणूस तरतो.

उपचार मात्र लांबले. गणपती आले, गेले. पितृपक्ष लागला. कुणीतरी म्हणालं, पितृपक्षात ऑपरेशन नको हो, आणि वैशालीने त्यांना जिन्यापर्यंत पोचवलं. ऑपरेशन टळलं नव्हतंच. जंतू मेले तरी त्यांनी खाल्लेली झडप परत उगवत नाही. ती गळत होती. किती, ते नंतरच्या इकोत कळणार होतं. टिकली तर ठीक, नाही तर छाती उघडायची.

या सगळ्या काळात वैशाली एकदाही रडली नाही. त्या दिवसानंतर ती हसायचीही कमी, पण डबा वेळेवर, केस विंचरलेले, साडी इस्त्रीची. मी दोनदा विषय काढला. "अगं, तुझी चूक नव्हती." ती म्हणायची, "भात निवतोय, आधी जेवा." मला कळत होतं की ती आपल्या तोंडून गेलेला तो "नाही" रोज मोजून बघतेय. काय करावं ते कळत नव्हतं. घरी आल्यावर एकदा मला बाथरूममध्ये जास्त वेळ लागला, तर ती दार ठोठावून म्हणाली, "बोला काहीतरी." मी आतून एकोणतीसचा पाढा म्हटला. आणि तेव्हा, बंद दाराआडून, तो जप नव्हता हे तिला सांगून टाकलं. मग ती म्हणाली, "मला वाटलंच होतं. देवाचं नाव घेताना तुम्ही एवढे घामाघूम कशाला व्हाल?"

जे कुणी हे खाटेवरून वाचत असतील त्यांना माझं एवढंच सांगणं. डॉक्टरांनी विचारलं की नुसतं आजचं नका सांगू. आधीचा महिना सांगा, त्याच्या आधीचा सांगा. सोवळं, व्रत, लाज, सगळं बाजूला ठेवून सांगा. स्वतःला आठवत नसेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला खाटेजवळ बसवा. आणि भीती वाटत असेल तर कुणा एकाला तरी ती सांगा. मला ते फार उशिरा सुचलं.

इको

दिवाळीच्या आधी इको होता. मशीनमधून माझ्या हृदयाचा आवाज येत होता, नळातून पाणी फुसफुसल्यासारखा. वैशाली पडद्याजवळ पर्स छातीशी धरून उभी. "हा आवाज बरोबर आहे ना?" तिने विचारलं. तंत्रज्ञ म्हणाला, "डॉक्टर सांगतील." मी छताकडे बघत होतो.

डॉक्टरांनी जुना इको नव्याच्या शेजारी लावून पाहिला. मागे गेले, पुढे गेले. मग चष्मा काढला. "गळती आहे. पण वाढलेली नाही. हृदय सांभाळून घेतंय. ऑपरेशन नको. तपासत राहू."

"नको म्हणजे आत्ता नको?" मी विचारलं.

"आत्ता नको. आणि झडप अशीच राहिली तर पुढेही नको."

आम्ही बाहेर आलो. जिन्याजवळच्या बाकापर्यंत वैशाली नीट चालत आली. तिथे तिने पर्स खाली ठेवली, भिंतीला टेकली आणि खाली बसली. मग तिने असा हंबरडा फोडला की वरच्या मजल्यावरची माणसं कठड्याशी आली. मी असं रडणं तिच्या आईच्या वेळीही ऐकलं नव्हतं. लोक थांबले. एकाने टोपी काढली. कुणीतरी पाण्याची बाटली पुढे केली, कुणी म्हणालं, "वारा येऊ द्या." परळच्या हॉस्पिटलच्या जिन्यात बाई अशी रडते तेव्हा काय झालेलं असतं ते सगळ्यांना माहीत आहे.

एका म्हाताऱ्या बाईने पुढे येऊन वैशालीच्या पाठीवर हात ठेवला आणि हळू आवाजात मला विचारलं, "कोण होते हो तिचे?"

"नवरा," मी म्हटलं. मग घाईने म्हटलं, "म्हणजे मी. मी आहे. डॉक्टर म्हणाले, वाचलो."

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. वैशालीने रडता रडता मान हलवली, हो, हेच.

"मग रडू दे तिला," बाई म्हणाली. जमलेल्या लोकांना तिने हाताने बाजूला केलं. "आमचे आत आहेत, आठ दिवस झाले. मलासुद्धा असंच रडायला मिळू दे."

वैशालीने तिचा हात धरला आणि तिला आपल्या शेजारी बसवून घेतलं.